नसलेल्या अंगठ्याची जागा

होटगीहून ते दोघं पहिल्यांदा आले तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. एप्रिल महिना, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. घराची पुढची खोली हाच माझा दवाखाना. तिथं पंख्याखाली मी टेबलावरची चादर बदलत होते. दारात आधी कुबडी टेकल्याचा आवाज झाला, मग एक उंच, वाळलेले गृहस्थ आत आले आणि त्यांच्या मागून, त्यांच्या पाठीला हात लावून, एक ठेंगणी बाई. काकांचा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. पायजम्याची मोकळी नळी वर दुमडून तिला पिन लावली होती.

पाणी दिलं. बसल्यावर विचारलं, "काय होतंय काका?"

"पाय दुकतोय म्याडम."

मी त्यांच्या उजव्या पायाकडं बघितलं. "किती दिवस झाले?"

"त्यो न्हाय. डावा."

एवढं बोलून ते खाली बघायला लागले. मी हसेन अशी त्यांना भीती वाटत असावी. मावशी घाईनं म्हणाल्या, "खरंच दुकतंय अक्का. नाटक न्हाय त्यांचं."

मग हळूहळू सगळं कळलं. काका रेल्वेत गँगमन होते. उभी हयात रुळांवर गेली. निवृत्त झाल्यावर शुगर निघाली, अंगठ्याला जखम झाली, ती भरेना. आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा सगळा पाय. सहा महिने झाले होते ऑपरेशनला. आणि आता गेलेला तोच अंगठा दुखत होता. बूट घट्ट झाल्यावर अंगठा जसा आत मुडपतो, तसा मुडपून बसलाय आणि सरळ होत नाही, असं ते सांगत होते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. नसा अजून पायाला निरोप धाडतायत, असंही समजावलं होतं. गोळ्यांनी थोडा फरक होता, पण कळ गेली नव्हती.

"मग तुम्ही काय करता, कळ आली की?"

काकांनी मावशींकडं बघितलं. मावशी लाजल्या.

"मी बसते की खाटंवर. पायाच्या जागी चादर दाबते. खाली नुसती गादीच असती. पन ह्यांना बरं वाटतंय."

"आंगठा सरळ कर म्हनतो," काका म्हणाले, "तर ती करती."

मावशी मूळच्या अक्कलकोटकडच्या. माहेरची भाषा कानडी, त्यामुळं मराठी जपून बोलायच्या. बोलताना त्यांचे हात मात्र सारखे हलत होते, आणि चादर दाबते म्हणताना त्यांनी हवेत अगदी पावलाच्या आकाराएवढी जागा दाबून दाखवली.

सुया टोचायला, म्हणजे ॲक्युपंक्चर, मी शिकले ते चाळिशीच्या आसपास. शनिवारी पहाटेच्या गाडीनं पुण्याला जायचं, दोन दिवस वर्ग करायचे आणि रविवारी परत. आमचे सर फार कमी बोलायचे. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की बिंदूंची नावं कुणीही पाठ करतं, प्रश्न असतो निवडायचे कुठले. माझी वहीच्या वही त्याच एका प्रश्नानं भरली. दुखतं तिथली जागा घ्यायची की लांबची? दाढ दुखली तर हात धरतात, कंबर धरली तर गुडघ्याच्या मागची खळगी. पॉवरलूमवर काम करून खांदा आखडलेली माणसं आमच्याकडं खूप. त्यांना मी नडगीपाशी सुई लावते, तेव्हा त्यांना वाटतं बाईंचं काहीतरी चुकलं. एका बाजूला हातच लावू देत नसेल, तर दुसऱ्या बाजूची तीच जागा घ्यायची. खालच्या दुखण्याला वरची, वरच्याला खालची. आणि मोजायचं ते पट्टीनं नाही, समोरच्या माणसाच्या स्वतःच्या अंगठ्याच्या रुंदीनं. लहान मुलाचा बिंदू लहान मुलाच्या बोटानं, पैलवानाचा पैलवानाच्या.

हे सगळं मी शिकले माझ्या नवऱ्याच्या अंगावर.

तो कॉलेजात प्रयोगशाळेत सहायक होता. मी पुण्याहून आले की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चहा झाल्यावर तो शर्ट काढून स्टुलावर बसायचा, हातात पेपर घ्यायचा आणि म्हणायचा, "हं, काढा." मी निळ्या बॉलपेननं त्याच्या पाठीवर, दंडावर, मनगटावर ठिपके काढत जायची. शाई लवकर निघायची नाही. कॉलेजात कुणी विचारलं तर तो बाही वर करून दाखवायचा आणि सांगायचा, "बायकोचा गृहपाठ आहे." बिंदूंची चिनी नावं त्यालाही येऊ लागली होती, पण प्रत्येक नाव तो आपल्याकडच्या गावाच्या नावासारखं उच्चारायचा.

ठिपक्यांनंतर सुया आल्या. पहिली सुई मी त्यालाच लावली. तो पेपर वाचल्याचं सोंग करत होता. पुढं पुढं तो माझ्या चुका ओळखायला लागला. एकदा त्याची मान धरली होती. मी सुया लावत गेले, आणि तो शांतपणे म्हणाला, "चार पुरे. पाचवी तू घाबरून लावतेस." ते खरं होतं. खात्री नसली की मी एक सुई वाढवायची. सरांनीसुद्धा हे कधी पकडलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी एका दुपारी तो कॉलेजातच गेला. छातीत दुखतंय म्हणाला आणि खुर्चीवर बसला, एवढंच. फोन आल्यावर मी रिक्षानं गेले. पोचल्यावर कुणीतरी माझ्या हातातून काहीतरी काढून घेतलं, तेव्हा कळलं की सुयांची पेटी घेऊन आले होते मी. ती कधी उचलली ते आठवत नाही.

त्यानंतर महिन्याभरात मी दवाखाना उघडला. लोक म्हणाले, कामात मन गुंतेल. मन गुंतायचं. पण दिवसभरात मी जे हात, ज्या पाठी, जी पावलं हातात घ्यायची, ती सगळी पेशंटांची असायची. दिवा लावायच्या वेळी शेवटचा पेशंट गेला की हातांना काही काम उरायचं नाही. मांडीवर पडून राहायचे नुसते.

तर काकांची जागा कुठली निवडायची, हा प्रश्न होता.

उरलेल्या पायाच्या टोकाची जखम भरली होती, पण व्रण अजून गुलाबी होता. नुसता बोटाचा स्पर्श झाला तरी काका दात आवळायचे. जवळची जागा गेली. मग उजवा पाय. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, त्यांच्यामधून वर गेलं की एक खोलगट जागा लागते. डावीकडच्या गेलेल्या अंगठ्यासाठी उजवीकडची तीच जागा घ्यावी, असं पुस्तकाचं उत्तर. मी ते पाऊल हातात घेतलं. थंड होतं, कातडी कोरडी, टाचेला भेग. मी बोटानं दाबलं आणि विचारलं, "कळतंय का?" काकांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "कळतंय थोडंफार."

मी ते पाऊल खाली ठेवलं. शुगरचा माणूस, एकच पाय राहिलेला आणि त्यातही नीट कळत नाही. तिथं जखमेला सुईएवढीही वाट मी करून देणार नव्हते.

मग राहिला उजवा हात. पायाचा अंगठा तसा हाताचा अंगठा; तिथं दोन बोटांमधली जागा, तशी इथंही. मी त्यांचा हात उशीवर ठेवला. उन्हानं काळवंडलेला तळवा, अंगठ्याच्या बुडाशी दगडासारखा घट्टा. तीन सुया ठरवल्या. पहिली अंगठा आणि तर्जनीच्या मधे. जागा इतकी सवयीची की मी बघतसुद्धा नाही, बोट आपोआप जातं. सुई लावली.

काका म्हणाले, "म्याडम, जरा अलीकडं की. हितं लागंना."

पेशंट असं सांगत नाहीत सहसा. मी सुई काढली, बोटानं चाचपलं. खरंच, जागा अलीकडं होती, हाडाच्या बाजूला, तांदळाच्या दाण्याएवढी. नवी सुई घेऊन तिथं लावली. काकांनी मोठा श्वास घेतला.

"व्हय. हितं."

बाकी दोन लावल्या. दहाएक मिनिटांनी काका एकदम म्हणाले, "आंगठा हलला."

मावशींनी झटकन पायजम्याच्या रिकाम्या नळीकडं बघितलं. मीही बघितलं, खोटं कशाला बोलू.

ते गेल्यावर मी दार लोटून बसले. इतक्या वर्षांत ती जागा माझी चुकावी कशी? मी माझ्याच डाव्या हाताच्या बोटानं उजव्या हातावर ती जागा शोधली. बोट पुन्हा पलीकडंच गेलं. दोनदा, तीनदा तसंच. आणि मग आठवलं. माझ्या नवऱ्याच्या उजव्या हातावर, बरोबर त्या जागी, भाजल्याचा डाग होता. प्रयोगशाळेत लग्नाच्या आधी कधीतरी ॲसिड सांडलं होतं. तिथली कातडी चकचकीत आणि कडक, सुई लावली की त्याला झोंबायचं. म्हणून मी डागाच्या किंचित पलीकडं लावायची. त्याच्या हातावर शिकले आणि बोटांना ते तसंच राहिलं. तो गेल्यावरही कितीजणांच्या हातांवर मी त्याच्या डागाला वळसा घालून सुई लावत होते. कुणी सांगितलं नाही, कारण दाण्याएवढ्या फरकानं फार काही बिघडत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोकेदुखीची एक बाई आली. मी बघून, मोजून, बरोबर जागी सुई लावली. हात जड झाला होता. पुढचे कितीतरी दिवस दर वेळी मला बोट मुद्दाम अलीकडं आणावं लागलं, आणि दर वेळी तो कुठूनतरी उठून गेल्यासारखं वाटायचं.

काका आठवड्यातून दोनदा यायचे, एसटीनं. डॉक्टरांच्या गोळ्या चालूच ठेवायला सांगितल्या होत्या. तिसऱ्या-चौथ्या खेपेला अंगठा सरळ झाला. मग टाच कळेनाशी झाली. मग काका गमतीनं सांगायला लागले, "पाय आकूड होत चाललाय म्याडम. पाऊल पार गुडग्यापाशी आलं." असं होतं हे मी वाचलं होतं, पण कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. आणि जूनच्या शेवटी एक दिवस ते म्हणाले, "आज काय न्हाय. सगळं थंड." मावशींनी शेतातल्या शेंगा आणल्या होत्या पिशवीभर. मी त्यांच्या कागदावर 'दुखणं बंद' असं लिहिलं, खाली रेघ ओढली, आणि खरं सांगते, त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

महिना-दीड महिन्यानं मावशी एकट्याच आल्या. बसल्या, पाणी प्यायल्या, पदरानं तोंड पुसलं.

"काका बरे आहेत ना?"

"बरं हाय. दुकत न्हाय." मग म्हणाल्या, "बोलतच न्हाईत अक्का. भिंतीकडं तोंड करून पडतात. मी जाऊन खाटंवर बसते, तर म्हनतात, कशाला बसलीस, दुकत न्हाय आता." त्यांनी आपले दोन्ही हात मांडीवर उलटे करून ठेवले. "मी काय दाबू आता?"

मी म्हटलं, "घेऊन या त्यांना."

दोन दिवसांनी आले. दाढी वाढली होती. मी सुयांचं पाकीट काढलं तशी त्यांनी हातानं थांबवलं.

"तुमी बरं केलं म्याडम. मी न्हाय म्हनत न्हाय. पर दुकायचा तवा हुता त्यो. सकाळी उटलो की वाटायचं, हाय हितं, नुसता वाकडा झालाय. आता हात लावून बगतो तर न्हायच." मग त्यांनी विचारलं, "परत आनता येतंय का? दुकनं नगं. नुसतं हाय म्हनून कळलं पायजे."

वहीतली सगळी पानं डोळ्यांसमोरून गेली. जवळची जागा, लांबची, उलट्या बाजूची. याला कुठली? एखादी सुई लावून त्यांची समजूत घालता आली असती. ती नक्की घाबरून लावलेली सुई झाली असती.

"येत नाही काका," मी म्हटलं. "मला नाही येत ते."

त्यांनी मान हलवली. ते उठतील असं वाटलं, आणि मग मी जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते त्यांना सांगायला लागले. नवऱ्याच्या हातावरचा डाग, माझं बोट, आणि त्या पहिल्या दिवशी ते 'जरा अलीकडं' म्हणाले ते. काकांनी सगळं ऐकून घेतलं. आपला उजवा हात वर धरून अंगठ्याजवळची ती जागा बघितली.

"मग मी सांगाय नगं हुतं," ते म्हणाले.

"नाही काका. बरं केलंत."

मावशी रडत होत्या.

त्या दिवशी मी एकही सुई लावली नाही. मावशींना खाली चटईवर बसवलं, काकांचा उजवा पाय त्यांच्या मांडीवर ठेवला आणि दाखवलं. रोज दुपारी उजेडात बसायचं. प्रत्येक बोटाच्या मधे बघायचं, कुठं लाल झालंय का, चीर गेलीय का. टाचेला तेल, पण बोटांच्या मधे नाही. जोरात दाबायचं नाही, नुसता हात फिरवायचा. काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

काका अवघडून म्हणाले, "त्यो पाय दुकत न्हाय की."

"म्हणूनच," मी म्हटलं.

मावशींनी पाऊल दोन्ही हातांत धरलं होतं. "हौदु अक्का," त्या म्हणाल्या. मराठीत हो म्हणायचं त्या विसरल्या होत्या. आणि लगेच अंगठ्याच्या कडेला वाकून बघायला लागल्या.

दिवाळी झाल्यावर काकांना कृत्रिम पाय मिळाला. पहिले काही दिवस तो लाकडासारखा ओढत चालायचे, असं मावशी सांगायच्या. एका सकाळी काकांचाच फोन आला. मोठमोठ्यानं बोलत होते. "म्याडम, पाऊल आलं. बुटात आलं. आज टेकवलं तर कळलं, हितं हाय." दुखत नव्हतं. थोडा वेळ असतं, मग जातं, पाय काढून ठेवला की जातंच. पण येतं. ते का आलं हे मला नीट सांगता येणार नाही. माझ्या सुयांनी आलं नाही, एवढं मात्र नक्की.

"या की एकदा होटगीला," ते म्हणाले. "चालतो कसा ते बगा."

जानेवारीतल्या एका रविवारी स्कूटरवरून गेले. मावशींनी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी वाढली, वर दही घातलं. जेवल्यावर काका म्हणाले, चला. ते रोज स्टेशनात जायचे, प्लॅटफॉर्मच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचे. ओळखीची माणसं होती, कुणी अडवायचं नाही. मी आणि मावशी बाकावर बसलो. ऊन कोवळं नव्हतं, पण बोचतही नव्हतं. काका काठी टेकत लांब लांब जात होते. उंच माणूस, पांढरा पायजमा. दोन्ही नळ्या खाली सोडलेल्या.

मावशींनी माझा हात आपल्या हातात घेतला. बघितला नाही, दाबला नाही, नुसता धरून ठेवला. मग विचारलं,

"तुमचे मालक कसे हुते अक्का?"

तीन-साडेतीन वर्षांत मला सगळ्यांनी सगळं विचारलं होतं. कसे गेले, आधी काही त्रास होता का, आता घरात कोण असतं. तो कसा होता, हे कुणी विचारलं नव्हतं. तोंडातून निघालं ते असं की त्याला तळपायाला फार गुदगुल्या व्हायच्या. तळव्याच्या मधोमध एक बिंदू आहे, तो मला कधी नीट शिकताच आला नाही. पेन टेकवलं की तो पाय ओढून घ्यायचा आणि स्टुलावरून पडायच्या बेतात यायचा. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी रागावून त्याचा पाय स्टुलाच्या पायाला ओढणीनं बांधला होता, तर तो हसता हसता स्टुलासकट आडवा झाला, आणि पडल्या पडल्याच म्हणाला, या बिंदूवर मार्क गेले तरी चालतील.

मावशी पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मीही हसले, आणि हसता हसता डोळे भरून आले, तरी सांगत राहिले. तो जेवताना आधी ताक प्यायचा ते सांगितलं, कपड्यांच्या घड्या वाकड्या घालायचा ते सांगितलं, चिनी नावं कशी म्हणायचा ते म्हणून दाखवलं. मावशींना अर्धं कळत असेल, अर्धं नसेल. पलीकडच्या टोकाला काका वळले आणि आमच्याकडं यायला लागले. मधल्या रुळावरून मालगाडी आली, डब्यांमागून डबे, मावशींनी कान माझ्याकडं वळवला. मी आवाज चढवला आणि बोलत राहिले.